पुतळे पुरेत, फाळक्यांचं घर उभं करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३० एप्रिल आला की वर्तमानपत्रांत दादासाहेब फाळक्यांचा फोटो येतो. खाली ठरलेला मजकूर असतो: जन्म त्र्यंबकेश्वरचा, साल १८७०, पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’, साल १९१३, आणि मग त्यांच्या नावाचा पुरस्कार आजवर कोणाकोणाला मिळाला त्याची यादी. यातलं काहीही चुकीचं नाही. पण हे वाचून आजच्या मुलांना फाळके म्हणजे एक पदक वाटतं. तो माणूस दिवसभर काय करत होता, त्याच्या घरात पाऊल टाकलं तर काय दिसलं असतं, हे कोणी सांगत नाही. मी नाशिकचा. सिनेमा थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवण्यात उमर गेली. म्हणून हे सांगण्याचा थोडा हक्क आपल्याला आहे असं समजून लिहितो आहे.

फाळके सिनेमात येण्याआधी जादूगार होते, आणि नुसते हौशी नव्हते. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा केला, तिथे प्लेगने पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे बडोद्यात एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपलंच आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने खेळ करू लागले. त्यांच्या चरित्रात हे एका ओळीत उरकतात आणि लगेच १९१३ सालाकडे धावतात. माझ्या मते हीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची आहे. जे. जे. स्कूल आणि बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला शिकले होते, फोटोग्राफी येत होती, लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला होता, रंगीत छपाईसाठी जर्मनीला जाऊन आले होते. हे सगळं येणारे आणखी कोणी त्या काळच्या मुंबईत असतीलही. पण कापड बाजूला सारल्यावर प्रेक्षकाचा श्वास कसा अडकतो हे स्टेजवर उभं राहून अनुभवलेला माणूस त्यांच्यात विरळा. पडद्यावर देव प्रकट करायचे तर हे ज्ञान लागतंच.

आता त्यांच्या घराकडे येतो, कारण माझं पत्र घराबद्दल आहे.

१९१० च्या सुमारास गिरगावच्या एका तंबूत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि फाळक्यांना वेड लागलं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला निघाले. परत आले ते विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला होलं पाडायचं यंत्र यांची सोय करूनच. पण गाठीला पैसा नाही. भांडवल देणाऱ्याला काय दाखवायचं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा उभा केला आणि महिनाभर थोडी थोडी फिल्म घेत त्याचं रोप होईपर्यंत चित्रण केलं. जेमतेम मिनिटभराचा पट तयार झाला, ‘अंकुराची वाढ’. त्या काळच्या वेगाने मिनिटाला साठ फूट फिल्म लागते, आणि साठ फुटांत नऊशे साठ चौकटी, म्हणजे सुटी सुटी चित्रं. घरातल्या एका कोपऱ्यात महिनाभर कॅमेरा हलवायचा नाही, कुंडी हलवायची नाही, पोराबाळांचा धक्का लागू द्यायचा नाही. ज्याच्या घरात लहान मुलं आहेत त्याने हे करून बघावं म्हणजे कळेल. हा पट फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांना दाखवला आणि पैसे उभे राहिले. टोपीतून ससा काढणारे पुष्कळ असतात, मातीतून महिनाभराचं झाड मिनिटात काढणारा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

मग दादरच्या मेन रोडवर, ज्याला आता दादासाहेबांचंच नाव आहे, मथुरा भवन नावाच्या घरात संसार आणि कारखाना एकत्र सुरू झाला. तिथेच अंधारखोली, तिथेच सेट, तिथेच तालमी. पडदे रंगवायचे ते स्वतः फाळक्यांनी. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे चित्रण उन्हात. चेहऱ्यावर उजेड कमी पडला की फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई पांढरी चादर ताणून उन्हात उभ्या राहत, म्हणजे ऊन परतून नटाच्या तोंडावर पडे. बायकी भूमिका करायला कोणी बाई तयार होईना, म्हणून ग्रँट रोडच्या हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. अशा नटांना घरातही लुगडं नेसून वावरायला लावत, तांदूळ निवडायला लावत, म्हणजे हालचाल अंगवळणी पडेल. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाक मुरडत, म्हणून विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत’ असं सांगा, अशी सगळ्यांना सूचना होती. शेजारच्या माणसाने या घरात डोकावून पाहिलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल? एका खोलीत लुगडं नेसलेला मिशीवाला गडी सूप पाखडतोय, दुसऱ्या खोलीत राजा आपला मुकुट चिकटवतोय, आणि तिसऱ्या खोलीचं दार आतून बंद, फटीतून लाल उजेड.

त्या लाल उजेडाच्या खोलीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण ती गोष्ट माझ्या धंद्याची आहे.

परदेशातून येणारी कच्ची फिल्म कोरी असे, म्हणजे तिच्या कडांना होलं नसत. ती घरी पाडावी लागत. आमच्या केबिनमध्ये फिल्म पत्र्याच्या डब्यांतून यायची. खेळाआधी रीळ रिवाइंडरवर चढवायचं, डाव्या हाताच्या चिमटीत फिल्मची कड हलकेच धरायची आणि उजव्या हाताने हँडल फिरवायचं. फिल्म बोटांतून सळसळत जाते आणि जिथे होल फाटलेलं असतं तिथे बोटाला बारीक टोचतं. तिथे थांबायचं, बघायचं, गरज पडली तर तेवढा तुकडा कापून जॉइंट मारायचा. एक होल गेलं तर चालतं. लागोपाठ तीन-चार गेली की प्रोजेक्टरचे दाते फिल्म पकडत नाहीत, चित्र उडतं आणि थिएटरभर शिट्ट्या. होलांमधलं अंतर पावणेपाच मिलिमीटर. त्यात केसभर जरी फरक पडत गेला तरी पडद्यावर माणसं थरथरायला लागतात. कॅमेऱ्यातही तेच, छपाईच्या यंत्रातही तेच. होल चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

हे काम सरस्वतीबाईंनी केलं. फिल्मला उजेड लागून चालत नाही, त्यामुळे अंधारात, लाल दिव्यावर, घरातलं सगळं आवरल्यानंतर. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट. एका फुटात सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीला एका कडेला चार होलं. म्हणजे फुटाला एका कडेची चौसष्ट आणि दोन्ही कडांची एकशे अठ्ठावीस. ३७०० फुटांची झाली ४,७३,६००. ही फक्त निगेटिव्हची. पडद्यावर दाखवायची प्रत काढायची तर तिच्या फिल्मला पुन्हा तितकीच. वाया गेलेले, पुन्हा घेतलेले तुकडे निराळे. यंत्र होतं हे खरं, पण यंत्रात फिल्म सरळ घालणं, ती न ओरखडता पुढे नेणं आणि न चुकता गुंडाळणं हाताचंच काम. ज्या बाईने ही लाखो होलं पाडली, रसायनं कालवली, कॅमेऱ्यात फिल्म भरायला शिकली, दागिने गहाण टाकायला दिले आणि वर कारखान्यातल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, तिचा फोटो ३० एप्रिलला मी क्वचितच पाहिला आहे.

आणि ही फिल्म नायट्रेटची. माझ्या उस्तादांनी नायट्रेट हाताळलं होतं. ते सांगत की ती पेटली तर पाण्यानेही विझत नाही, म्हणून केबिनला लोखंडी दारं आणि वाळूच्या बादल्या. ज्या घरात दोन वेळा चूल पेटत होती त्या घरात हजारो फूट नायट्रेट ठेवून त्या जोडप्याने चित्रपट केला. त्यांची मुलं तिथेच वाढत होती. थोरला भालचंद्र तर चित्रपटात हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला.

जादूगाराच्या घराचा असा थाट जगात आणखी कुठे झाला का, म्हणून मी वाचत गेलो आणि फ्रान्समध्ये जाऊन पोचलो. ब्लुआ नावाच्या गावी १८०५ साली जन्मलेला रॉबेर-ऊदँ हा घड्याळजी. पुढे पॅरिसमध्ये जादूचं थिएटर काढून गाजला. निवृत्त होऊन गावाजवळ मोठ्या घरात राहायला आला आणि त्या घरात त्याने विजेच्या तारा पसरल्या. ही १८५०-६० ची गोष्ट, विजेचा दिवा घरोघर यायच्या कितीतरी आधीची. फाटक घरापासून लांब. पाहुण्याने ठोका दिला की घरात घंटा सुरू होई. नोकराने आतून बटण दाबलं की फाटकाची कडी आपोआप सुटे आणि मालकाच्या नावाच्या पितळी पाटीच्या जागी ‘आत या’ अशी पाटी दिसे. तबेल्यातल्या घोडीला ठरल्या वेळी चारा पडे, तो मालकाच्या अभ्यासिकेतल्या घड्याळाच्या हुकमाने, आणि दार बंद असेल तरच पडे, कारण आधीचा मोतद्दार दाणा चोरून विकत होता. स्वयंपाकघराचं दार नोकरांच्या ये-जा करण्याने जे हले, त्या हलण्यावर मनोऱ्यातल्या घड्याळाच्या टोल्यांची चावी भरली जाई. मला ही शेवटची युक्ती फार आवडते. घरातली कष्टाची ये-जा फुकट जाऊ द्यायची नाही, हा विचार फाळक्यांच्या घरातही दिसतो.

आणि या दोन घरांचा धागा खरोखर जुळलेला आहे. रॉबेर-ऊदँचं पॅरिसचं थिएटर १८८८ साली जॉर्ज मेलिएस या जादूगाराने विकत घेतलं. १८९५ च्या डिसेंबरात त्याने ल्युमिएर बंधूंचा सिनेमा पाहिला, आणि १८९७ मध्ये माँत्रइ इथल्या आपल्या घराच्या आवारात काचेचा स्टुडिओ बांधला. कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला करायचा, कॅमेरा पुन्हा चालू करायचा, की पडद्यावर माणूस गायब, ही युक्ती त्याने जगभर गाजवली. तीच युक्ती आपल्याकडे फाळक्यांनी देवादिकांसाठी वापरली. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये शंकर प्रकट होतात, ‘लंकादहन’मध्ये मारुती आकाशातून जातो. काड्यापेटीच्या काड्या आपोआप नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. खुद्द प्रोफेसर केल्फाची जादूही त्यांनी पडद्यावर आणली. ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले, हेही एका परीने जादूच म्हणायची.

ब्लुआने त्या घड्याळजीचं काय केलं पाहा. राजवाड्यासमोर जादूचं घर उभारलं, ते १९९८ पासून लोकांना खुलं आहे. त्याच्या खिडक्यांतून ठरावीक वेळाने ड्रॅगनची डोकी बाहेर येतात आणि चौकातली पोरं माना वर करून उभी राहतात. आत त्याची घड्याळं आणि यंत्रं, जादूचे खेळ. म्हणजे गावाने आपल्या माणसाला नुसतं बघण्यापुरतं ठेवलं नाही, त्याचं काम करून दाखवलं.

माझी मागणी एवढीच आहे. १९१३ संपता संपता फाळके आपला कारखाना घेऊन नाशिकला आले. त्यांचे पुढचे मोठे चित्रपट इथे झाले, १६ फेब्रुवारी १९४४ ला ते इथेच गेले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकाची ऐसपैस जागा आहे. तिथे मथुरा भवनासारखं एक घर उभं करावं. मोठं नको, चार खोल्यांचं पुरे. एक अंधारखोली, लाल दिव्याची, आत होलं पाडायचं हाताचं यंत्र. कोऱ्या फिल्मचा हातभर तुकडा मुलाच्या हातात द्यावा आणि त्याला स्वतः होलं पाडू द्यावीत. पडली सरळ तर प्रोजेक्टरवर चढवून दाखवावी, वाकडी पडली तर चित्र कसं नाचतं तेही दाखवावं. खिडकीत वाटाण्याची कुंडी, समोर स्टँडवर कॅमेरा, दर महिन्याला नवी कुंडी. अंगणात ऊन आणि पांढरी चादर, दोन मुलांनी ताणून धरावी, तिसऱ्याच्या तोंडावर उजेड पाडावा. कॅमेरा थांबवून मुलीला गायब करावं आणि ते तिच्याच आईवडिलांना लगेच पडद्यावर दाखवावं. स्वयंपाकघर खरंखुरं असावं, चुलीसकट. दारावर दोघांची नावं असावीत, दादासाहेबांचं आणि सरस्वतीबाईंचं, एकाच मापाच्या अक्षरांत.

कोणी म्हणेल की पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईला पेडर रोडवर सिनेमाचं म्युझियम आहे, आणखी कशाला. ती कामं मोलाची आहेत. फाळक्यांच्या फिल्मचे जे तुकडे उरले ते जपले गेले हे आपलं भाग्य. पण जपायची वस्तू मुलांच्या हातात देता येत नाही, आणि द्यायचीही नसते. मी म्हणतो ते घर नव्या सामानाचं असेल, मोडलं तर दुरुस्त करता येईल असं. आपल्या शहरात आयटीआय आहेत, पॉलिटेक्निक आहेत, लेथवर हात बसलेले कारागीर आहेत. होलं पाडायचं साधं यंत्र त्यांना अवघड नाही.

हे मी उगीच म्हणत नाही. मध्यंतरी एका शाळेने मला बोलावलं होतं. मी जुन्या फिल्मचा तुकडा नेला होता, तो वर्गभर फिरवला. मुलं चौकटीतली माणसं बघत होती, उजेडाकडे धरून. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र माणसांकडे बघितलंच नाही, कडेवरून बोट फिरवत राहिली आणि विचारलं, ही भोकं कोणी पाडली? माझ्या हातातल्या तुकड्याची कारखान्यात पडलेली होती, तसं सांगितलं. मग सरस्वतीबाईंचं सांगितलं. वर्गशिक्षिका पुढे येऊन बसल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. त्या मुलांना न्यायला आपल्याकडे असं एक घर असतं तर दुसऱ्याच दिवशी सहल निघाली असती.

आज बहुतेक थिएटरांत डिजिटल आलं आहे, फिल्म गेली. आमच्यासारखे हाताने रीळ चढवणारे ऑपरेटर आता थोडे उरले, आणि आमची वयं झाली. यंत्र बनवता येईल पण ते कसं चालवायचं, फिल्म किती ताणायची, लूप केवढा ठेवायचा, हे सांगणारं माणूस पुढच्या दहा वर्षांत मिळणार नाही. म्हणून महापालिकेने, शासनाच्या सांस्कृतिक कार्य विभागाने आणि ज्यांचा सिनेमावर उदरनिर्वाह चालतो त्या निर्मात्यांनी हे आता मनावर घ्यावं. पुढच्या जयंतीला हार घालण्याऐवजी निदान अंधारखोलीचा पाया घातला जावा.

माझ्याकडे एक हाताचा रिवाइंडर, जॉइंट मारायचा प्रेस आणि काही रिकामे स्पूल आहेत. घर उभं राहत असेल तर ते विनामूल्य देईन. आठवड्यातून दोन दिवस तिथे बसून मुलांना फिल्म चिमटीत कशी धरायची ते शिकवेन. गावातल्या इतर जुन्या ऑपरेटर मंडळींनाही विचारलं आहे, ती यायला तयार आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर, नाशिक